हिमावरची रेघ, पाण्यावरची रेघ : कामापूर्वीच्या आनंदाचा नीतिविचार

१

आनंदाविषयी नैतिक प्रश्न विचारणे मराठी समीक्षेला नवे नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कलावाद आणि जीवनवाद या नावांनी जो वाद गाजला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता : ज्या आनंदाला स्वतःपलीकडे काही साधायचे नसते, त्याचे समर्थन कोणत्या आधारावर करायचे? वादाचे क्षेत्र साहित्यापुरते मर्यादित राहिले, आणि त्यामुळे एक साधी वस्तुस्थिती बाजूला पडली. साहित्यकृतीच्या बाहेरही माणसे असा आनंद घेत असतात. तो ती शरीराने घेतात, आणि पुष्कळदा कामाला जुंपले जाण्यापूर्वीच्या तासाभरात घेतात. या तासाचा नीतिविचार झाला तर निर्हेतुक आनंदाविषयीच्या जुन्या वादाला वेगळे वळण मिळण्याची शक्यता आहे.

या आनंदाचे एक टोकाचे उदाहरण हिमप्रदेशात सापडते. रात्रभर वादळ चालू असते आणि डोंगरउतारावर गुडघाभर, कधी मांडीभर नवे हिम साचते. ताज्या, कोरड्या हिमाच्या आकारमानात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवेचा असतो. ते पिठासारखे भुसभुशीत असते. त्यावर उभा राहणारा माणूस रुततो, पण वेगाने घसरणारा माणूस तरंगतो. पायांना लांब पट्ट्या बांधून अशा उतारावरून घसरत येणाऱ्याला, म्हणजे स्की करणाऱ्याला, आपले वजन नाहीसे झाल्यासारखे वाटते. हिमामुळे आवाज शोषला जातो आणि वाऱ्यात उडणाऱ्या कणांमुळे पुढचे नीट दिसत नाही. वादळ चालू असताना, उजाडताच डोंगरावर जाऊन दोन-तीन वेळा खाली यायचे आणि मग ओल्या केसांनी कचेरीत वेळेवर हजर व्हायचे, हा हिमप्रदेशातील कित्येक नोकरदारांचा परिपाठ आहे.

या अनुभवाची तीन अंगे लक्षात घेण्यासारखी आहेत. पहिले, पृष्ठभाग अस्पर्श असावा लागतो. दुसरे, तो भोगला की संपतो. एकाने रेघ ओढली की दुसऱ्याला त्या जागी पहिली रेघ ओढता येत नाही, आणि काही तासांत सारा उतार रेघांनी भरून जातो. तिसरे, अनुभवाला घड्याळाची चौकट असते, कारण पुढचा दिवस अगोदरच दुसऱ्या कोणाला विकलेला असतो. म्हणजे येथे दुर्मिळता दुहेरी आहे : पृष्ठभागाची आणि प्रहराची. अशा आनंदाविषयी दोन ठरीव निर्णय ऐकू येतात. एका निर्णयानुसार तो निसर्गाशी एकरूप होण्याचा शुद्ध क्षण ठरतो. दुसऱ्यानुसार तो सुखवस्तू माणसाचा आत्ममग्न चैनीचा खेळ ठरतो. हे दोन्ही निर्णय अपुरे आहेत. आनंद शुद्ध आहे की स्वार्थी, हा प्रश्नच मुळात नीट मांडलेला नाही.

२

हिम आणि आनंद यांविषयीचा एक जुना मतभेद कांटच्या १७९० सालच्या निर्णयशक्तीच्या मीमांसेत नोंदवलेला आहे. आल्प्स पर्वताचा अभ्यासक सोस्यूर याच्या लेखनातून कांटने सॅव्हॉय प्रांतातल्या एका शेतकऱ्याचा उल्लेख घेतला आहे. शहाण्यासुरत्या अशा या शेतकऱ्याने हिमशिखरांच्या चाहत्यांना बेलाशक मूर्ख ठरवले होते. कांटच्या मते उदात्ताचा प्रत्यय येण्यासाठी मनाची काही एक नैतिक मशागत व्हावी लागते. तशी मशागत नसलेल्याला त्या ठिकाणी केवळ संकटे आणि हाल दिसतात. वादळ, ज्वालामुखी, खवळलेला समुद्र ही दृश्ये आकर्षक वाटण्यासाठी पाहणारा सुरक्षित स्थळी असावा लागतो, हेही कांटनेच सांगितले आहे.

ही दोन विधाने शेजारी ठेवली की अडचण उभी राहते. शेतकऱ्याजवळ संस्कार नव्हता, की सुरक्षित स्थळ नव्हते? जो त्या हिमाखालीच राहतो, ज्याची गुरे त्यात गाडली जातात, त्याचा नकार हा अभिरुचीचा अभाव मानण्याचे कारण नाही. तो एका स्थानावरून आलेला निर्णय आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त सौंदर्य ही संकल्पना द्विध्रुवात्मक असल्याचे प्रतिपादन केले : एका ध्रुवापाशी लौकिक जीवनापासून अलग झालेला, स्वायत्त अनुभव, दुसऱ्या ध्रुवापाशी ज्ञान, नीती आणि भावना यांच्याशी जोडलेला अनुभव. सॅव्हॉयचा शेतकरी आणि हिमशिखरांचा प्रवासी यांना या दोन ध्रुवांवर बसवणे सोपे आहे. परंतु त्यांना तेथे कोणी बसवले, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या परिघात येत नाही. तो परिस्थितीचा प्रश्न आहे.

एकाच हिमाकडे दोन स्थानांवरून पाहिले जाते, याची उदाहरणे भारतातही आहेत. काश्मीरमधील गुलमर्ग येथे ब्रिटिशांनी १९२७ साली स्की क्लब ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना केली, आणि आज त्या उतारांवर भारतीय व परदेशी हौशी माणसे नव्या हिमाची वाट पाहत असतात. त्याच गुलमर्गला लष्कराचे उंच पर्वतीय युद्धाचे प्रशिक्षण देणारे विद्यालय आहे. तेथे स्की हा खेळ नसून कामाचा भाग आहे, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये त्या विद्यालयाच्या प्रशिक्षणार्थी तुकडीवर हिमकडा कोसळून जवान मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचीनवरील चौकी हिमाखाली गाडली गेली आणि दहा जवान दगावले. त्यांतला एक सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातला होता. पाण्याच्या शोधात उन्हाळे काढणाऱ्या तालुक्यातला माणूस गोठलेल्या पाण्याखाली जातो, यात नियतीचा उपरोध शोधण्याची गरज नाही. कोरडवाहू मुलखातून लष्करी नोकरीकडे जाणारी वाट जुनी आहे. ती सर्वांच्या माहितीची आहे.

मात्र यावरून ‘एकाचा खेळ तो दुसऱ्याचा मृत्यू’ असे समीकरण मांडणे घाईचे होईल. स्की करणाऱ्यानेही जीव पणाला लावलेला असतो. रॉजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांचे चार वर्ग पाडले. त्यांपैकी भोवळीच्या, म्हणजे तोल स्वेच्छेने धोक्यात घालण्याच्या वर्गात त्याने स्की आणि गिर्यारोहण यांचा समावेश केला. धोका पत्करल्याने खेळ नैतिक होत नाही आणि सुरक्षितपणामुळे तो अनैतिकही ठरत नाही. फरक इतकाच की एकाने धोका निवडला आहे आणि दुसऱ्याला तो वेतनाबरोबर मिळाला आहे. निवड कोणाला उपलब्ध होती, या प्रश्नापाशी विचार येऊन थांबतो. त्याच्या पुढे जाण्यासाठी अनुभवाच्या आतल्या रचनेकडे पुन्हा वळले पाहिजे.

३

ती रचना उलगडण्याचा प्रयत्न सार्त्रने ‘अस्तित्व आणि नास्तित्व’ या १९४३ सालच्या ग्रंथात केला आहे. स्की करणारा केवळ वेगाने हालचाल करत नाही. तो हिमाचे क्षेत्र आपलेसे करतो, असे त्याचे म्हणणे आहे. स्थिर पायाखाली खचणारे हिम वेगाखाली आधार देते. म्हणून घसरणे म्हणजे रुजण्याच्या नेमके उलट असे स्वामित्व आहे. सार्त्र पुढे म्हणतो की अशा घसरण्याचा आदर्श म्हणजे मागे काही खूण न उरणे, आणि हा आदर्श पाण्यावर साकार होतो : नाव गेली की पाणी मिटते. हिमावर मात्र रेघ उरते, आणि ती रेघ घसरणाऱ्याला अडचणीत आणते. त्याने काही तरी केले आहे याचा पुरावा मागे राहतो.

हे निरीक्षण मार्मिक आहे, आणि मराठी भाषेला ते परके नाही. पाण्यावरची रेघ हा क्षणभंगुरतेचा वाक्प्रचार मराठीत फार जुना आहे. म्हणून हिमाच्या उतारावरून पाण्याकडे, आणि पाण्याची किंमत नीट जाणणाऱ्या मुलखाकडे वळणे सयुक्तिक ठरते. असा एक मुलूख म्हणजे बालाघाटच्या रांगांवर आणि त्यांच्या पायथ्याशी पसरलेला बीड जिल्हा. उत्तरेला गोदावरीची सीमा असूनही जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेचा आहे. जूनमध्ये मृगाचा पाऊस हुलकावणी देतो. विहिरींना खरे पाणी येते ते पुष्कळदा भाद्रपद-आश्विनातल्या परतीच्या पावसाने. रात्री वारा-विजांसह झड लागते, ओढे वाहू लागतात, आणि उन्हाळ्यात तळ दाखवणारी मळ्यातली विहीर वरच्या थरापर्यंत चढलेली दिसते. नव्या पाण्याची अशी सकाळ वर्षातून मोजक्याच वेळा येते. अशा सकाळी, पाऊस अजून पडत असताना, शाळेला, बाजारसमितीला किंवा रानातल्या कामाला जाण्यापूर्वी विहिरीत उतरणारी माणसे बीडच्या खेड्यांत नवलाची नाहीत.

पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा बंद डबा बांधून लहानपणी शिकलेले पोहणे, काठावरून मारलेला सूर, पाणी उडवण्याच्या चढाओढीतला मुटका या साऱ्यांना हिमावरच्या घसरण्याशी जोडणारे धागे पुष्कळ आहेत. येथेही वजन हरपते. पाण्याखाली गेल्यावर वादळाचा आवाज एकदम बंद होतो. पावसाने भिजलेली दरड ढासळण्याचा, गाळात पाय अडकण्याचा, विजेचा धोका येथेही खरा असतो. मात्र एका बाबतीत विहीर हिमापेक्षा उदार आहे. सूर मारणारा वर आला की पाणी पूर्ववत मिटते. दुसऱ्याच्या सुरासाठी ते पहिल्याइतकेच नवे असते. पोहणाऱ्याने दुसऱ्याचे पाणी संपवलेले नसते. सार्त्रला हवा असलेला खूण न ठेवणारा पृष्ठभाग तो हाच, आणि तो खेळाने झिजत नाही.

४

खेळाने न झिजणारा हा पृष्ठभाग समाजाने मात्र झिजणारा ठरवला. पाणी खूण ठेवत नाही, ही भौतिक वस्तुस्थिती आहे. पाणी स्पर्शाची खूण ठेवते, हा जातिव्यवस्थेचा सिद्धान्त होता. ‘बाटणे’ या क्रियापदाचा अर्थच मुळी अदृश्य खुणेचा आहे. जो पृष्ठभाग कोणाचीही रेघ टिकू देत नाही, त्यावर विशिष्ट माणसांची रेघ कायमची उमटते असे मानले गेले, आणि त्या माणसांना काठापासून दूर ठेवले गेले. स्वतःला शेंदण्याचा अधिकार नसल्याने दुसऱ्याने ओंजळीत वरून पाणी ओतावे म्हणून वाट पाहणे, हा अनुभव महाराष्ट्रातल्या गावोगावच्या अस्पृश्यांचा होता.

मुंबई इलाख्यातल्या कुलाबा जिल्ह्यात, महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. त्यानंतर सत्याग्रहींवर हल्ला झाला, आणि पुढे सनातन्यांनी गोमूत्र, शेण, दूध, दही तळ्यात ओतून त्याचे ‘शुद्धीकरण’ केले. तळ्याच्या मालकीविषयीचा आणि वापराविषयीचा दावा उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाली निघायला १९३७ साल उजाडले. बीड त्या काळात हैदराबाद संस्थानात होते. मुंबई इलाख्यातले ठराव आणि निवाडे तेथे लागू होत नव्हते. पाणवठ्याची विभागणी मात्र संस्थानाच्या सीमेपाशी थांबत नव्हती. महाडची कृती तहानेपुरती नव्हती, हे खुद्द आंबेडकरांनी स्पष्ट केलेले आहे. ती समतेचे निशाण रोवणारी होती. प्रस्तुत विवेचनाच्या भाषेत सांगायचे तर ती पृष्ठभागाविषयीचा खोटा सिद्धान्त मोडणारी कृती होती. पाण्यावर रेघ टिकत नाही, हे ओंजळीने दाखवून दिले गेले.

गुलमर्गचा स्की क्लब आणि महाडचा सत्याग्रह यांचे वर्ष एकच असणे हा योगायोग आहे, आणि त्यात याहून अधिक काही वाचू नये. तरीही तो एक भेद समोर आणतो. नव्या हिमाची दुर्मिळता मुख्यतः पदार्थाच्या स्वभावातून येते : एकाने तुडवलेले दुसऱ्याला अस्पर्श देता येत नाही. विहिरीच्या नव्या पाण्याची दुर्मिळता पदार्थात नव्हती. ती हुकमाने निर्माण केलेली होती. आनंद एकाच प्रकारचा दिसला, शरीराला होणारा प्रत्यय एकसारखा असला, तरी दोन्हींचा नैतिक भार एक असू शकत नाही. पहिल्या ठिकाणी आनंद घेणारा मागून येणाऱ्यापेक्षा केवळ अगोदर आलेला असतो. दुसऱ्या ठिकाणी त्याच्या आनंदाभोवती कुंपण असते, आणि ते त्याने घातलेले नसले तरी त्याच्यासाठी घातलेले असते.

यावरून एक कसोटी सुचते. निर्हेतुक आनंदाला ‘तू स्वार्थी आहेस का’ असे विचारून काही हाती लागत नाही, कारण शारीर आनंद हा अनुभवणाऱ्याचाच असतो. ‘तुझी दुर्मिळता कोठून आली’ हा प्रश्न अधिक फलदायी आहे. दुर्मिळता पदार्थाची असेल तर आनंदाला फक्त पाळीचा, शिष्टाचाराचा आणि सावधगिरीचा नियम पुरतो. दुर्मिळता माणसांनी घडवलेली असेल तर त्या आनंदावर ऋण चढते, आणि ते ऋण आनंद न घेतल्याने फिटत नाही. कुंपण काढण्यानेच फिटते.

५

ही कसोटी पृष्ठभागाला लागू केली तशी प्रहरालाही लागू केली पाहिजे, कारण या आनंदाची दुसरी दुर्मिळता वेळेची आहे. ‘कामापूर्वी’ हा शब्दच सांगतो की दिवसाचा मुख्य भाग अगोदर दिला गेला आहे. पहाटेच्या तासाची गोडी काही अंशी तो चोरलेला वाटतो यातच असते. झोपेतून काढून घेतलेला हा तास कोणाच्याही हिशेबात नसतो. कामाचा दिवस आखूड होणे ही स्वातंत्र्याच्या क्षेत्राची मूलभूत अट आहे, हे मार्क्सच्या ‘भांडवला’च्या १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या खंडातले प्रतिपादन येथे आठवते. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी जी मागणी लावून धरली आणि १८९० साली जी मान्य झाली, ती रविवारच्या सुटीची होती. मोकळा वेळ निसर्गाकडून मिळत नाही. तो मागावा लागतो.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न एका शब्दात साठवलेला आहे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातली लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून अगोदर उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि ती एकच मजूर-एकक म्हणून मोजली जाते. काम उजाडण्यापूर्वी सुरू होते. ज्या दिवशी कामाला जाता येत नाही त्या दिवसाला ‘खाडा’ म्हणतात, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आजारपण, बाळंतपण, मासिक पाळी या साऱ्यांचा हिशेब खाड्यातच होतो. २०१९ साली बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, तेव्हा खाड्याच्या भीतीचाही उल्लेख पुन्हा पुन्हा झाला. जेथे शरीराची गरजसुद्धा खाडा ठरते, तेथे शरीराच्या आनंदासाठी ‘कामापूर्वीचा तास’ ही कल्पनाच उभी राहू शकत नाही. कामाच्या पूर्वी पुन्हा कामच असते : चूल, पाणी, मुले, जनावरे.

स्त्रियांच्या बाबतीत पृष्ठभाग आणि प्रहर हे दोन्ही प्रश्न विहिरीपाशीच एकत्र येतात. खेड्यातल्या मुलग्यांसाठी जी विहीर सूर मारण्याची जागा होती, ती मुलींसाठी शेंदण्याची जागा होती. तीच पायरी, तोच काठ, तेच नवे पाणी. एकाच्या खांद्यावर कपडे, दुसरीच्या कमरेवर घागर. पोहता न येणाऱ्या बाईला विहिरीचे पाणी खोल दिसते ते केवळ खोलीमुळे नव्हे.

आणि पृष्ठभाग अस्पर्श दिसतो तेव्हाही त्यामागे कोणाचे तरी काम होऊन गेलेले असते. परदेशातल्या स्कीच्या उतारांवर वादळी पहाटे गस्तीचे कर्मचारी सर्वांच्या आधी वर जातात आणि स्फोटके लावून धोक्याचे हिमथर मुद्दाम खाली आणतात. त्यानंतरच उतार खुला होतो. हौशी माणसाच्या ‘कामापूर्वी’च्याही पूर्वी दुसऱ्याचे काम संपलेले असते. बीडकडच्या विहिरी वडारांनी खणल्या, आणि १९७२ च्या दुष्काळात व त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते मजुरांनी उभे केले. अस्पर्शपणा हा पृष्ठभागाचा गुण मानण्याची सवय असते. तो पुष्कळदा पुसून टाकलेल्या श्रमाचा परिणाम असतो.

६

या मांडणीवर किमान दोन आक्षेप येऊ शकतात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप अद्वैताच्या बाजूने येतो, आणि त्याला बीडच्या भूमीतच मोठा आधार आहे. मराठीतला आद्य तत्त्वग्रंथ म्हणून ज्याचा परंपरेने गौरव होतो, त्या ‘विवेकसिंधू’चा कर्ता मुकुंदराज याची समाधी अंबाजोगाईला दाखवतात. अद्वैताची भूमिका अशी की आनंद विषयात नसतोच; विषयाच्या निमित्ताने चित्त क्षणभर निवते आणि स्वरूपातलाच आनंद प्रतिबिंबित होतो. तसे असेल तर हिम वा पाणी यांची दुर्मिळता आनंदाची दुर्मिळता ठरत नाही, आणि कोणी कोणाला वंचित करण्याचा प्रश्नही उरत नाही. या युक्तिवादाचा पहिला भाग खोल आहे. आनंद पदार्थात साठवलेला नसतो, हे हिमाच्या अनुभवातूनही दिसते : तेच हिम जवानाला तो आनंद देत नाही. पण दुसरा भाग पहिल्यातून निघत नाही. आनंदासाठी विषय निमित्तमात्र असला तरी त्या निमित्तापर्यंत पोचण्याची वाट अडवणारा माणूस मायेचा अंश म्हणून सोडून देता येत नाही. पारमार्थिक सत्तेच्या स्तरावर दिलेले उत्तर व्यावहारिक सत्तेवरच्या प्रश्नाला लावणे, ही अद्वैताच्याच परिभाषेत स्तरांची गल्लत होईल.

दुसरा आक्षेप दुष्काळाकडून येतो. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट पाहत उन्हाळे जातात, तेथे पाण्यात खेळण्याचे समर्थन कसे करायचे? बीडच्या शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पाठवावे लागले, हे ताजे उदाहरण आहे. याचे एक उत्तर गावाच्या रीतीतच आहे : पिण्याची विहीर वेगळी आणि पोहण्याची, म्हणजे मळ्यातली, वेगळी, हा भेद खेड्यात काटेकोरपणे पाळला जातो. परंतु आक्षेपाचा खरा रोख निसर्गदत्त आणि मनुष्यनिर्मित दुर्मिळता या भेदावरच आहे, आणि तेथे तो मान्य करावा लागतो. पावसाची तूट निसर्गाची असली तरी जमिनीतले पाणी कोणत्या पिकाला जाईल हे माणसे ठरवतात. अवर्षणप्रवण भागात ऊस उभा राहतो आणि त्याच भागातली माणसे दुसरीकडचा ऊस तोडायला जातात, यातली दुर्मिळता निव्वळ आकाशातून पडलेली नाही. हिमाच्या बाबतीतही आता तसे म्हणता येत नाही. तापत्या हवामानात हिमाचे दिवस घटत आहेत आणि कित्येक उतारांवर यंत्राने हिम पाडावे लागते. म्हणजे भेद सोडून द्यावा लागत नाही. तो दरवेळी नव्याने तपासावा लागतो. ‘हे तर निसर्गाचेच आहे’ हे वाक्य कोठेही पहिल्या झटक्यात मान्य करू नये, इतकेच या आक्षेपाने शिकवले.

या दोन आक्षेपांपलीकडे एक तिसरी भूमिका आहे. ती आक्षेप म्हणून फारशी मांडली जात नाही, पण मनात वावरत असते : इतरांना जे मिळत नाही ते आपणही घेऊ नये. या भूमिकेत सद्भाव आहे. पण तिचा परिणाम विचित्र होतो. विहिरीत कोणीच उतरले नाही तर कुंपण तसेच राहते आणि पाण्याची आठवणही विझते. ज्याने कधी पाण्यात वजन हरपण्याचा अनुभव घेतला नाही त्याला, दुसऱ्यापासून नेमके काय हिरावले गेले आहे, हे केवळ तहानेच्या परिभाषेतच कळेल. वंचनेची पूर्ण कल्पना येण्यासाठी आनंदाची कल्पना असावी लागते.

७

याचा साहित्यविचाराशी असलेला संबंध शेवटी पाहता येईल. अभिनवगुप्ताने रसास्वादातली विघ्ने सांगताना निजसुखादिविवशीभावाचा, म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून राहण्याचा, उल्लेख केला आहे. त्यावरचा उपाय साधारणीकरणाचा आहे : भाव ‘माझा’ही नाही, ‘परक्याचा’ही नाही, अशा अवस्थेला आणणे. परंपरेने हे साधारणीकरण आस्वादकाच्या चित्तात घडते असे मानले. वर मांडलेला विचार असे सुचवतो की त्याचे एक अर्धे अंग चित्ताबाहेरही आहे. जो आनंद सर्वांचा होऊ शकतो, पण होऊ दिलेला नाही, तो चित्तात कितीही साधारण झाला तरी अर्धाच साधारण राहतो.

दलित साहित्याच्या विचारातून आनंद या मूल्यावर जी टीका झाली, तिचा अर्थ या अंगाने अधिक नेमका होतो. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या १९९६ सालच्या ग्रंथात आनंदाऐवजी स्वातंत्र्य, समता यांसारख्या मूल्यांवर भर दिला, तेव्हा काहींना तो सौंदर्यानुभवाचा नकार वाटला. पण आनंदाला कुंपण असताना आनंदाचे गुणगान नाकारणे म्हणजे आनंद नाकारणे नव्हे. उलट, मर्ढेकरांच्या वळणाने जाणारी समीक्षा संवेदनांच्या लयीचा विचार करताना ती संवेदना कोणाच्या वाट्याला येऊ शकते याविषयी मौन पाळत आली; तिचा दोष लयीवर भर देण्यात नव्हता, त्या मौनात होता. पावसाच्या, नदीच्या, हिमाच्या आनंदाविषयीचा मजकूर वाचताना समीक्षकाने तो पलायनवादी आहे की जीवनवादी आहे असे विचारण्याऐवजी, त्यातल्या पृष्ठभागाला आणि प्रहराला दुर्मिळ कोणी केले आणि मजकूर त्याची खूण कोठे लपवतो, असे विचारावे. या वाचनाने मजकुरातला आनंद कमी होण्याचे कारण नाही. तो कोणत्या जमिनीवर उभा आहे ते दिसेल.

परतीच्या पावसाने भरलेल्या विहिरीच्या काठावर, कामाला जाण्यापूर्वी, उभा राहिलेला माणूस सूर मारताना काही अपराध करत नाही. त्याच्या मागे दुसरा उतरला तरी त्याचे काहीच कमी होत नाही, हे पाणी त्याला दर खेपेला दाखवत असते. त्याने तेवढे ध्यानात ठेवावे, आणि काठावर अजून कोण आलेले नाही, कोणाला यायला वेळ मिळालेला नाही, तेही पाहावे. त्या पाहण्याने त्याची सकाळ नासणार नाही.